अँपिअर उतरले, बिल नाही

दादांनी प्रदर्शनातून 'वीज बचत यंत्र' आणलं, ते प्रात्यक्षिक पाहूनच. विक्रेत्याने एक छोटी मोटर चालू केली, बोर्डाला वीज आणणाऱ्या वायरला क्लॅम्प मीटर लावला आणि यंत्राची डबी त्याच बोर्डाच्या सॉकेटमध्ये खोचताच अँपिअरचा आकडा झपकन उतरला. "काका, तुमच्या डोळ्यांदेखत!" दादांनी पैसे मोजले. पुढचं बिल आलं ते जवळपास मागच्याइतकंच.

मेख अशी, की तो आकडा खोटा नव्हता. मोटर जो प्रवाह ओढते त्यातला काही भाग काहीच काम न करता तारेतून नुसता ये-जा करतो. डबीतला कपॅसिटर तो भाग जागच्या जागी पुरवतो, म्हणून अँपिअर कमी दिसतात. याला पॉवर फॅक्टर सुधारणं म्हणतात. कारखान्यांच्या बिलात त्याचा हिशेब असतो, त्यांना त्याचा फायदाही होतो. घरगुती मीटर मात्र प्रत्यक्ष कामी आलेली वीजच मोजतो, युनिटमध्ये. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट.

खात्री घरीच करता येते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी आकडा छापलेला असतो. आमच्याकडे तो ३२०० आहे, म्हणजे इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त पाण्याची मोटर चालू ठेवली. मी मोबाइलवर मिनिट लावलं, दादा मोजू लागले. आधी डबीशिवाय, मग डबी लावून. आकडा तोच. "परत लाव मिनिट," दादा म्हणाले. परत तोच.

खरी बचत वॅट आणि तास यांच्या गुणाकारात आहे. ७५ वॅटचा जुना पंखा रोज चौदा तास फिरला तर महिन्याला एकतीस-बत्तीस युनिटं खातो. तीस वॅटचा बीएलडीसी पंखा बारा-तेरा. दोन हजार वॅटचा गिझर पाणी तापवताना अर्ध्या तासात एक युनिट घेतो. लोक मात्र मोबाइलच्या चार्जरमागे हात धुऊन लागतात!

एसीचा 'टन' म्हणजे गारवा देण्याची ताकद. वीज किती लागेल ते त्यावरून कळत नाही. स्टारवरही डोळे मिटून जाऊ नका. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुना पाच स्टार आजच्या मोजमापात खाली येऊ शकतो. फ्रिज-एसीच्या लेबलवर वर्षाला लागणारी युनिटं आणि लेबलची मुदत छापलेली असते, ती वाचा.

आणि बचतीचा हिशेब सरासरी दराने करू नका. महाराष्ट्रात घरगुती दर स्लॅबचे आहेत: पहिली शंभर युनिटं स्वस्त, १०१ पासून पुढची महाग. तुमचा वापर शंभराच्या पुढे असेल, तर वाचलेली युनिटं आधी त्या महागातली कमी होतात.