फाटकापर्यंतची सहल

मालिकेचं चित्रीकरण जिथे झालं ती जागा दाखवणाऱ्या एक दिवसाच्या सहलीचे पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. आज तिथे काय उभं आहे? आणि आत जायची परवानगी कोणाकडून, कोणत्या तारखेची घेतली आहे? एसी बस, नाश्ता, टोपी, ग्रुप फोटो या सगळ्याची चौकशी त्यानंतर. हा सल्ला मी आमच्या विरारच्या सोसायटीतल्या महिला मंडळाच्या एका आख्ख्या रविवारच्या जिवावर देते आहे.

पत्रक मोठं झोकदार होतं. सकाळी वसईचा किल्ला, दुपारी नायगावला एका ऐतिहासिक मालिकेचा सेट, संध्याकाळी उंबरगावला 'रामायण' जिथे घडलं तो स्टुडिओ. सोबत माहितगार गाइड. मंडळात साठीच्या पुढच्या बायका बऱ्याच. १९८७-८८ साली रविवारी सकाळी साडेनऊला आंघोळ करून दूरदर्शनसमोर बसणाऱ्या. सगळ्यांनी पैसे आगाऊ भरले.

किल्ल्यात

वसईच्या किल्ल्यात गाइडने पहिला तास गाण्यांना दिला. या कमानीखाली अमुक हिरो नाचला, त्या भिंतीवर तमुक हिरॉइन बसली. त्यातलं काही खरंही असेल, कारण या किल्ल्याला कॅमेरा नवा नाही. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या २०१६ साली आलेल्या 'हिम फॉर द वीकेंड' गाण्याच्या व्हिडिओतही हा किल्ला आहे. पण आम्ही ऐतिहासिक मालिकांच्या सहलीला आलो होतो, म्हणून एका वहिनींनी हा किल्ला जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांचं विचारलं. गाइडने लगेच चर्चच्या पडक्या भिंतींमधली एक मोकळी जागा दाखवली. "माझं मस्तक तरी तोफेतून किल्ल्यात टाका, असं अप्पा इथेच म्हणाले. मालिकेतपण दाखवलंय."

हे अप्पा म्हणाल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. पण म्हणाले असतील तर तटाच्या बाहेर, वेढा घालून बसलेले असताना म्हणाले असतील. किल्ल्याच्या आत उभं राहून आपलं मस्तक किल्ल्यात टाकायला कोण सांगेल? वहिनींनी हे तिथेच बोलून दाखवलं. गाइड हसला आणि पुढच्या गाण्याकडे वळला.

त्याने जे सांगितलं नाही ते त्या जागेचं खरं धन आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली. पुढची दोनशे वर्षं हे त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं होतं. आत चर्च, मठ, बालेकिल्ला, श्रीमंतांची घरं असं नांदतं शहर होतं. वसईत जन्मलेले आणि १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं चर्च इथेच आहे. १७३७ साली मराठ्यांची मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये तटाला सुरुंग लावून झालेल्या झुंजीनंतर किल्ला पडला. इथल्या मुलखातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच, तिच्यावर १७२१ साल आहे. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. अप्पांनी जिंकलेल्या गावातच पेशवाईने आपलं स्वातंत्र्य लिहून दिलं. एवढं नाट्य एका तटबंदीच्या आत असताना आम्हाला तासभर कमानी मोजायला लावलं, ही पहिली फसवणूक.

नायगावच्या फाटकावर

दुसरी नायगावला झाली. फाटकावरच्या रखवालदाराने शांतपणे परवानगीचं पत्र मागितलं. आयोजकाने फोन फिरवायला सुरुवात केली. पलीकडून कोणी उचललं नाही. अर्ध्या तासाने एवढंच कळलं की आम्हाला दाखवायचा होता तो राजवाडा मालिका संपल्यावर उतरवला गेला होता आणि त्या जागी कोणत्या तरी सासू-सुनेचा बंगला उभा राहत होता. रखवालदाराचा यात काही दोष नाही. शूटिंग चालू असलेल्या जागी कोणालाही सोडायचं नाही, हेच त्याचं काम.

हे असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचे पैसे वाचतात. ऐतिहासिक मालिकेला धडधाकट राजवाडा लागतो, पडका किल्ला चालत नाही. वसईच्या किल्ल्यात आज बहुतेक इमारतींवर छप्परं नाहीत, भिंतींतून झाडं उगवली आहेत. सतराव्या-अठराव्या शतकातला नांदता दरबार तिथे दाखवणार कसा? शिवाय हा किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, चित्रीकरणाला त्यांचा परवाना लागतो आणि खिळासुद्धा ठोकता येत नाही. रोजचा एक भाग द्यायचा तर असं परवडत नाही. म्हणून भाड्याच्या जागेवर लाकूड, प्लाय, पीओपी, फायबरचा महाल उभारतात. बऱ्याचदा कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच बाजू बांधलेली असते. मागे बांबू आणि लोखंडी परांची. रणांगणातली फौज तर आता हिरव्या पडद्यापुढे थोडी माणसं लढवून संगणकावर वाढवतात. मालिका बंद झाली की जागेचं भाडं वाचवायला सेट उतरतो. लग्न लागल्यावर मांडव जसा दुसऱ्या दिवशी दिसत नाही, तसंच. म्हणजे ज्या मालिकेचं नाव घेऊन सहल विकतात, ती संपलेली असेल तर बघायला बहुधा काही उरलेलं नसतं, आणि चालू असेल तर आत सोडत नाहीत.

उंबरगावला अंधार

वसईच्या किल्ल्यापासून उंबरगाव महामार्गाने शंभर किलोमीटरच्या वर आहे. नायगावला वेळ गेला, मग महामार्गावर गाड्यांच्या रांगा लागल्या. पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तिथेही आधी कोणाला कळवलेलंच नव्हतं. आमच्यातल्या एका मावशींनी बंद फाटकाकडे बघून हात जोडले आणि बस वळली. परत येईस्तोवर मध्यरात्र. पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, "ठिकाणं तर सगळी दाखवली ना?"

उंबरगावचं खरं आकर्षण काय, तेही त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. रामानंद सागर यांच्या 'रामायण'चं बहुतेक चित्रीकरण इथल्या वृंदावन स्टुडिओत झालं. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत या मालिकेचे ७८ भाग दाखवले गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर दूरदर्शनने तीच मालिका पुन्हा लावली आणि नातवंडांनी आजी-आजोबांबरोबर बसून पाहिली. आणि उंबरगाव आपल्याला परकं नाही. १ मे १९६० पर्यंत हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. आमच्या बसमधल्या एका बाईंचं माहेर त्याच पट्ट्यातलं. गाइडऐवजी त्यांनाच माइक दिला असता तर तीन तासांचा प्रवास कारणी लागला असता.

तीन खण वेगळे ठेवा

या अनुभवातून मी एक पद्धत धरली आहे. अशा सहलीला जाताना वहीत तीन खण आखायचे. घडलं कुठे, चित्रित झालं कुठे, आणि पडद्यावर कोणती जागा म्हणून दाखवलं. या तिन्ही गोष्टी एकाच जागी जुळणं फार दुर्मीळ. अयोध्या आणि लंका पडद्यावर, चित्रीकरण उंबरगावला. रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून कोल्हापूरपर्यंतच्या वाड्यांचंही तसंच. 'रात्रीस खेळ चाले'मधला नाईकांचा वाडा म्हणजे सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातलं घर. 'तुझ्यात जीव रंगला'मधला वाडा कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातला. गोष्ट कल्पित, घर खरं, आणि गाव तर त्याहून खरं. तिथे माणसं राहतात, त्यांच्या दारात गर्दी उतरते.

जो गाइड हे तीन खण वेगळे ठेवून बोलतो तो चांगला. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक शहरात 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या सहली निघतात, तिथले गाइड मालिकेतल्या प्रसंगाचं छापील चित्र हातात धरून त्याच पायरीवर तुम्हाला उभं करतात. पडद्यावरचं कोणतं आणि शहराचं स्वतःचं कोणतं, हे प्रवाशाला जागेवरच दिसतं. आपल्याकडे कर्नाटकात शंकर नाग यांच्या 'मालगुडी डेज'चं चित्रीकरण जिथे झालं त्या शिवमोग्गा जिल्ह्यातल्या अरसाळू स्टेशनवर रेल्वेने २०२० मध्ये मालगुडी संग्रहालय केलं. अशा ठिकाणी पैसे खर्च करावेत, कारण तिथे बघायला काहीतरी मुद्दाम राखलेलं आहे.

पैसे देण्याआधी

आयोजकाला फोनवर विचारू नका, लेखी विचारा. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोपही चालेल. प्रत्येक ठिकाणापुढे लिहून घ्या: आत प्रवेश की बाहेरून दर्शन? "दाखवणार" या शब्दात दोन्ही बसतं, आमच्या बाबतीत तसंच झालं. प्रवेश असेल तर परवानगीच्या पत्राची प्रत मागा. जागेवर पोहोचून फोन फिरवणार असेल तर ती परवानगी नाही, आशा आहे.

सेट बघायचीच हौस असेल तर जिथे अधिकृत सोय आहे तिथे जा. गोरेगावची चित्रनगरी १९७७ साली सुरू झाली आणि आता दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखली जाते. तिथे आतून फिरवणारी तिकीट लावलेली सहल असते. कोणत्या दिवशी कोणता भाग बंद असेल हे शूटिंगवर ठरतं, म्हणून तेही आधी विचारा.

गाइडशी सहलीआधी पाच मिनिटं बोला. वसईसाठी एकच प्रश्न पुरेसा आहे: १७३९ आणि १८०२ मध्ये इथे काय झालं? अडखळला तर दुसरा शोधा. वसईत किल्ल्याची मोजमापं, शिलालेख, चर्चचे अवशेष वर्षानुवर्षं अभ्यासणारे दुर्गप्रेमी आहेत, त्यांच्या फेऱ्याही असतात.

ठरलेलं दिलं नाही तर गप्प बसू नका. पावती, पत्रक, निरोप जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि लहान रकमेच्या दाव्यांना शुल्क पडत नाही. आम्ही कागद दाखवून तक्रारीचा विषय काढला, तेव्हा काही रक्कम परत आली. तोंडी भांडणाने आली नव्हती.

दिवस कसा आखावा

वसई आणि उंबरगाव एका दिवसात बसवू नका. किल्ल्यालाच अर्धा दिवस हवा. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून रिक्षा किंवा बस मिळते. सकाळी लवकर पोहोचा, अकरानंतर तटावर सावली नाही. पावसाळ्यात दगड शेवाळलेले असतात आणि त्यानंतर गवत कमरेएवढं वाढतं, त्यात पाय घालू नका. मनोऱ्यांचे जिने अंधारे, पायऱ्या झिजलेल्या. गुडघेदुखी असेल तर खालूनच बघा, काही बिघडत नाही. पाणी सोबत ठेवा आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे आत शिरण्याआधी विचारा. ट्रायपॉड, ड्रोन किंवा लग्नाआधीचं फोटोशूट परवानगीशिवाय करू नका. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला संरक्षित स्मारकाच्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे सोबतच्या पोरांना आधीच सांगा. आतून किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडे रस्ता जातो. वाळत घातलेल्या मासळीचे फोटो काढताना घरच्या माणसाला विचारा. परतताना वसई गावात हंगाम असेल तर सुकेळी घ्या.

उंबरगावला वेगळा दिवस द्या. विरारहून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते, पुढे घोलवड, बोर्डी रोड आणि मग उंबरगाव. पुढच्या गाड्या कमी, म्हणून परतीची गाडी आधी पक्की करा. रविवारी पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक आहे का ते शनिवारीच बघा. स्टेशनपासून गाव आत समुद्राकडे आहे. स्टुडिओत प्रवेशाची लेखी खात्री नसेल तर तो दिवसाचा मुख्य कार्यक्रम धरू नका. बोर्डीचा किनारा आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू, यासाठीच निघा. फाटक उघडलं तर ते वरकड.

आमच्या मंडळाची पुढची सहल ठरली आहे. एकच जागा, वसईचा किल्ला, आणि गाइडकडून त्याने काय काय दाखवायचं ते आधी लिहून घेतलं आहे. 'रामायण' ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी सोसायटीच्या हॉलमध्ये टीव्ही आहे. तिथे आत जायला कोणाचं पत्र लागत नाही.