शिक्षकांचे अध्ययन-मंडळ : सहभाग कशाला म्हणावे?

अध्यापन महाविद्यालयात येण्यापूर्वी बेळगाव जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलात मी मराठी शिकवीत असे. वर्गात घरी कन्नड बोलणारी काही मुले होती. ती 'भिंत पडले' असे लिहीत. मी तांबड्या शाईने 'पडली' करी. पुढच्या निबंधात भिंत पुन्हा 'पडले'च. ही मुले निष्काळजी आहेत, असे माझे ठाम मत झाले होते.

एके दिवशी वह्या तपासताना शेजारचे कन्नडचे सर वैतागून म्हणाले, "अहो सर, तुमची मराठी पोरं 'गोडे बिद्दळु' लिहितात बघा! भिंत काय बाई आहे?" 'गोडे' म्हणजे भिंत. ती पडली तर कन्नडमध्ये 'बित्तु' म्हणावयाचे. 'बिद्दळु' हे स्त्री पडली तर. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. मराठीत दगड पुल्लिंगी, भिंत स्त्रीलिंगी, घर नपुंसकलिंगी. म्हणजे कन्नडभाषी मुले घरचा नियम माझ्या तासाला लावीत होती, आणि मराठीभाषी मुले आपला नियम त्यांच्या तासाला. दोन्हीकडे नियम पाळला जात होता, आणि आम्ही दोघेही गुण कापीत होतो. एकाच टेबलाशी कित्येक वर्षे चहा घेऊनही हे आम्हांला ठाऊक नव्हते!

शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या अडचणींवर असे एकत्र बसून शिकण्याला शिक्षणशास्त्रात व्यावसायिक अध्ययन-समूह म्हणतात. शर्ली हॉर्ड या अमेरिकन विदुषींनी १९९७ साली त्याची लक्षणे मांडली. त्यांत परस्परांचे अध्यापन एकमेकांसाठी खुले करणे हेही आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत अवघड. डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शाळेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली होती : प्रत्येक शिक्षक आपापल्या कप्प्यात सुरक्षित आणि एकटा. जपानमध्ये शिक्षक मिळून पाठ तयार करतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे विद्यार्थ्यांकडे लक्ष ठेवतात आणि नंतर त्यावर चर्चा करतात. आपल्याकडेही कोठारी आयोगाने (१९६४-६६) हायस्कूल व भोवतालच्या प्राथमिक शाळा यांचे संकुल सुचविले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती कल्पना पुन्हा घेतली आणि प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली.

तास मोजता येतात, हीच त्यातली गोम आहे. आमच्या शाळेत दर शनिवारी सहविचार सभा भरे. हजेरीपटावर सह्या पूर्ण. बोलणे मात्र सूचनांचे आणि एस.एस.एल.सी.च्या निकालाचे. आपल्या वर्गात काय जमत नाही, हे तेथे कोणीच बोलत नसे. मीही नाही.

कन्नडच्या सरांनी विचारले, "तुमच्या तासाला मागं बसू का?" मी दोन आठवडे सबबी सांगितल्या. मागच्या बाकावर कोणी बसले म्हणजे तपासणी, ही सवय अंगात मुरलेली. ते शेरा लिहितील, तो मुख्याध्यापकांकडे जाईल, अशी धास्ती वाटे. शेवटी मुख्याध्यापकांनी एक साधी गोष्ट केली. वेळापत्रकात आमचा आठवड्यातला एक मोकळा तास एकाच वेळी ठेवला, आणि त्याचा अहवाल मागितला नाही. शनिवारच्या सभांनी केले नाही ते त्या तासाने केले.

सर आले, बसले. माझ्या शिकवण्याविषयी ते चकार शब्द बोलले नाहीत. त्यांच्या कागदावर एवढेच होते : तिसऱ्या बाकावरचा मुलगा उत्तर देण्याआधी कन्नडमध्ये पुटपुटतो.

त्या मुलाला मी वर्षभर मंद समजत होतो.

पुढे आम्ही फळ्याचे दोन भाग करून एक पाठ मिळून घेतला. एकीकडे मराठी वाक्ये, दुसरीकडे कन्नड. शब्द मुलांनीच सुचविले, आणि भांडण जुंपले ते मुलामुलांतच, आमच्यात नव्हे! सहामाहीच्या पेपरांत बहुतेकांची भिंत 'पडली' होती. विहीर मात्र अजून 'आटले'च होती, म्हणून पुढच्या मोकळ्या तासाला आम्ही तिचा विषय घेतला.