शाळेची वास्तू आणि विद्यार्थ्याचे मन

विद्या ही बुद्धीची व परिश्रमाची बाब आहे, तिला इमारतीची काय गरज, असे म्हणण्याचा आपल्यात प्रघात आहे. थोर पुरुषांनी रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास केला, ऋषींनी वृक्षाच्या छायेत शिष्यांस पढविले, प्रभू येशूनेही डोंगरउतारावर आणि सरोवराकाठी नावेत बसून लोकांस उपदेश केला, हे दाखले त्यासाठी पुढे केले जातात. ह्या दाखल्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु त्यांवरून काढलेले अनुमान बरोबर आहे काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. विचाराचे क्षेत्र दूरचे न घेता आपले कर्जत व खालापूर हे दोन तालुकेच घेतो. कारण जो प्रश्न आपल्या घराशेजारी उभा आहे, त्याचे उत्तर शोधण्याचा भारही आपल्यावरच अधिक येतो.

राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कोंडाणे येथे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एका भंगलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख कोरलेला आहे. कण्ह म्हणजे कृष्ण, त्याचा अंतेवासी बलक ह्याने हे केले, एवढाच त्याचा आशय. अंतेवासी म्हणजे गुरूच्या सन्निध राहून शिकणारा शिष्य. आपले नाव कोरताना ह्या शिष्याने आधी गुरूचे नाव घातले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

चैत्यगृहाजवळच विहार आहे. मध्ये खांबांचा मंडप आणि भोवती भिक्षूंच्या कोठड्या, अशी त्याची रचना. भिक्षू एरवी गावोगाव संचार करीत. परंतु पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे असा त्यांचा नियम होता व त्यास वर्षावास म्हणत. ध्यान, पठन आणि धर्मचर्चा ह्यांत तो काळ जाई. सह्याद्रीचा पाऊस काय असतो हे जाणणाऱ्यांनीच हे कातळ पोखरले असले पाहिजेत. ही काही मुलांची शाळा नव्हती, हे आम्ही जाणतो. तथापि शिकणाऱ्याचे अंग कोरडे असावे आणि शिकविणाऱ्याचा शब्द त्याच्या कानी पडावा, ही शाळेची पहिली गरज ह्या खोऱ्यात तेव्हा भागली होती. म्हणजे पावसाळा हा ह्या भूमीत एकेकाळी अध्ययनाचा ऋतू होता.

आज काय स्थिती आहे? आपले शालेय वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते आणि त्याच सुमारास पाऊसही सुरू होतो. पहिल्या सत्राचा बहुतेक काळ पावसाचा. डोंगरकडेच्या पुष्कळ वाड्यांवरील शाळांस पत्र्याचे छप्पर असते. सर चालून आली की पत्र्यावर असा काही मारा होतो की गुरुजींचा आवाज पहिल्या रांगेच्या पलीकडे जात नाही. पत्रा जुना असला तर ठिबक लागते; मग दोन-तीन इयत्तांची मुले एका कोरड्या कोपऱ्यात दाटीने बसतात. भिंत ओल धरते, फळ्यावर खडू उमटत नाही, दप्तरातील पुस्तके फुगतात. ओढा ओलांडून आलेले मूल ओल्या कपड्यांनी दिवसभर बसते. त्यात वीज गेली तर भर दुपारी अक्षर दिसत नाही.

ही गैरसोय सर्वांसच जाचते. पण कातकरी बंधूंच्या मुलांस ती सर्वांहून अधिक जाचते, आणि त्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. पावसाळा सरून दिवाळी झाली की पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर अगर कोळसा पाडण्याच्या कामावर परगावी जातात. लेकरेही बरोबर जातात. ती परत येतात ती पुढल्या पावसाच्या तोंडी. म्हणजे ज्या चार-पाच महिन्यांत हे मूल गावात असते, तेच चार-पाच महिने छपराखाली ऐकू येत नाही आणि दिसत नाही. जेव्हा शाळा कोरडी व शांत असते, तेव्हा मूल नसते. वर्षाच्या अखेरीस हजेरीपट पाहून आपण म्हणतो की ह्या मुलांस शिक्षणाची गोडी नाही. गोडी लागण्याचे जे दिवस होते ते पत्र्याच्या आवाजात गेले, हे हजेरीपटात लिहिलेले नसते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा आवाजाने काय होणार? ह्याचे उत्तर अमेरिकेतील एका पाहणीत मिळते. न्यूयॉर्क शहरात एका शाळेच्या एका बाजूने उंचावरून आगगाडी जात असे. त्या बाजूच्या वर्गांत दर थोड्या मिनिटांनी शिकविणे थांबवावे लागे. दुसऱ्या बाजूचे वर्ग शांत होते. शाळा एकच आणि वस्तीही एकच. अर्लाइन ब्रॉन्झाफ्ट ह्या मानसशास्त्रज्ञ विदुषीने आपल्या सहकाऱ्यासह दोन्ही बाजूंच्या मुलांची वाचनातील प्रगती ताडून पाहिली व 1975 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. गोंगाटाच्या बाजूची मुले मागे होती आणि सहावीपर्यंत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे झाले होते. पुढे रुळांखाली रबराच्या पट्ट्या बसविण्यात आल्या, वर्गांच्या छतांस आवाज शोषणारे आच्छादन लावले गेले, आणि 1981 सालच्या पाहणीत तो फरक नाहीसा झालेला आढळला. ह्यावरून मुलांची बुद्धी मंद नव्हती, त्यांच्या कानांवर अडथळा होता, हे उघड झाले.

आता मनाकडे वळू. शिकण्याचा उत्साह एकाएकी मावळत नाही. जे मूल ऐकू शकत नाही ते प्रथम विचारते, "गुरुजी, काय म्हणालात?" दोनदा-चारदा विचारल्यावर त्यास संकोच वाटतो. मग ते शेजाऱ्याच्या पाटीत पाहून लिहू लागते. पुढे लिहिलेले कळेनासे होते आणि शेवटी ते स्वतःविषयीच निर्णय देते की आपणांस डोके नाही. घरी आईबाप म्हणतात, पोराचे मन लागत नाही. ह्या सबंध प्रवासात मुलाने आळस असा कोठेच केलेला नसतो. पालकांस आमची विनंती आहे की "मन लागत नाही" हे उत्तर मानू नये; तो प्रश्न समजावा व त्याचे कारण शोधावे.

शाळेची जागा मुलास आणखीही काही सांगत असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शालेय जीवनाविषयी आपल्या आठवणी लिहून ठेविल्या आहेत. वर्गात त्यांना वेगळे, स्वतः घरून आणलेल्या तरटावर बसावे लागे. तो तुकडा रोज घरी न्यावा व पुन्हा आणावा लागे. आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. त्या तरटाने एका बालकास रोज सांगितले की ही शाळा तुझी नव्हे. ते बालक पुढे राज्यघटनेचे शिल्पकार झाले, म्हणून त्या तरटाचे समर्थन होत नाही. दिव्याखाली शिकलेल्या थोरांच्या कथांतही हीच चूक दडलेली आहे. जो तरला त्याचे चरित्र आपण वाचतो. त्याच वर्गातून जे निमूटपणे निघून गेले त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. आपल्या वाड्यांवरील शाळांचा हिशेब ह्या दुसऱ्या यादीवरून झाला पाहिजे.

मात्र इमारत झाली की सर्व झाले, असे समजणेही भ्रमाचे होय. अंजिनी अडुकिया ह्या विदुषीने भारतातील शाळांतून शौचालये बांधल्याचा काय परिणाम झाला हे तपासून 2017 साली निबंध प्रसिद्ध केला. शौचालये झाल्यावर पटावरील मुलांची संख्या वाढली. लहान मुलामुलींस कोणतेही शौचालय उपयोगी पडले. परंतु वयात येणाऱ्या मुलींची संख्या प्रामुख्याने तेथेच वाढली, जेथे त्यांच्यासाठी स्वतंत्र सोय होती. असे असूनही परीक्षेतील गुण मात्र वाढले नाहीत. ह्याचा अर्थ स्पष्ट आहे. चांगली जागा मुलास दारापर्यंत आणते व आत टिकविते. त्यापुढचे काम शिक्षकाचे आहे.

ते काम कसे करावे ह्याचा वस्तुपाठ आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक ह्यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांस दोष दिला नाही. वस्तीतल्या अंगणात जाऊन शाळा भरविली. पुढे कोसबादला वारली मुले गुरे राखण्यास जातात म्हणून शाळा येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली व तिला कुरणशाळा म्हटले. साधने म्हणाल तर पाने, बिया, शंख, खडे. येथे पैसा थोडा होता, पण उपेक्षा नव्हती. शिष्य मोठेपणाविषयी बोलत असता प्रभूने एका बालकास घेऊन त्यांच्या मध्यभागी उभे केले, ही गोष्ट आपण प्रार्थनेच्या वेळी ऐकतो. ह्या दोघींनी तीच गोष्ट कुरणात करून दाखविली. ज्या शाळेत मूल मध्यभागी आहे तेथील दारिद्र्य त्यास खुपत नाही. आपली कोणास पर्वा नाही हे मात्र त्यास फार लवकर कळते.

आज कायदाही मुलाच्या बाजूस आहे. 2009 सालचा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत, मुलामुलींसाठी निराळी शौचालये, पिण्याचे शुद्ध पाणी, ग्रंथालय आणि क्रीडांगण ही त्यात प्रत्येक शाळेसाठी आवश्यक म्हणून सांगितली आहेत. प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक असावेत असाही त्यात दंडक आहे. सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे गावच्या सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावयाचे आणि निम्म्या स्त्रिया असावयाच्या. शाळेच्या विकासाचा आराखडा करणे हे ह्या समितीचे काम आहे. "सर्व ऋतूंत टिकेल" ह्या शब्दांत आपला पावसाळाही येतो, हे समितीच्या बैठकीत सांगण्याचा पालकांस पूर्ण अधिकार आहे. पत्र्याखाली तक्तपोशी अगर बांबूच्या चटयांचा थर घालणे, पावसापूर्वी फुटके पत्रे बदलणे, वाचनाचा व हिशेबाचा पाठ सर ओसरल्यावर घेऊन मुसळधारेच्या वेळी लेखन व चित्रकला घेणे, ही कामे फार खर्चाची नाहीत.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी जे पक्क्या भिंतींच्या वर्गात बसून हा अंक वाचीत आहेत, त्यांनी आपल्या लहान भावंडांची वाडीवरची शाळा विसरू नये. सुटीत तेथे जाऊन त्यांस अर्धा तास वाचून दाखवा. मागच्या रांगेतल्या मुलास पुढे घेऊन बसा. आणि पालकांनी एवढेच करावे. पुढल्या पावसात, सर जोरात असताना, आपल्या गावच्या शाळेत जावे, अगदी मागे भिंतीशी बसावे आणि शिक्षक वाचीत असलेला धडा आपणांस ऐकू येतो की नाही ते पाहावे. ऐकू आला नाही, तर त्याच आठवड्यात समितीची बैठक बोलवावी.