मांजरीची चटक
चंद्रपूर-गडचिरोलीकडे धान पिकते. धान घरात आले की उंदीर आले, आणि उंदीर आले की मांजर हवीच. मामा तलावातली मासळीही घरात येते. एकदा का मांजरीला सुकटीची चटक लागली, की ती चुलीपासून हलत नाही. पायात घोटाळते, ओरडते, शिंक्यावर उडी घेते.

ही सवय आपणच लावतो. ती ओरडली, आपण तुकडा टाकला. ओरडले की मिळते, हे ती शिकली. चार वेळा नाही म्हणून पाचव्या वेळी दिले, तर ती आणखीच चिवट होते. ठरल्या वेळी, ठरल्या जागी द्यावे. मधे कोणी देऊ नये. आजीबाईंनीही नाही!

उपाशी मांजर जास्त उंदीर मारते, असे पुष्कळ जण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. पोट भरलेले असले तरी ती उंदरावर झडप घालते. तो तिचा स्वभावच आहे. उपाशी ठेवली तर शेजारच्या घरात शिरते. खारी मासळी धुऊन, थोडीच द्यावी. मोठ्या मांजरीला दूध पुष्कळदा पचत नाही, हगवण लागते. गोड तर तिच्या जिभेला कळतच नाही.

मुलांनी हातातून तुकडा देऊ नये. पिसाळरोग मांजरीपासूनही होतो. दात लागला की जखम वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी.