माउस नेला की पदर उलटा! पैठणीच्या फोटोला रोलओव्हर कसा द्यायचा?

व्हिडिओत हा भाग घाईत उरकला होता, म्हणून इथे नीट लिहून देतोय.

दुकानात पैठणी उघडली की जाणकार ताई आधी काय करतात? पदर उलटा करून बघतात. हातमागावर पदराची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवत विणली जाते, त्यामुळे मागची बाजूही जवळपास पुढच्यासारखीच दिसते. पॉवरलूमच्या पदरामागे बहुतेक वेळा सुट्या धाग्यांच्या रांगा, नाहीतर कापलेली टोकं दिसतात. वेबसाइटवर फक्त समोरचा फोटो टाकलात, तर पैठणच्या विणकराकडून आणलेली तुमची साडी आणि स्वस्तातली साडी सारखीच वाटणार. मग गिऱ्हाईक फक्त किंमत बघणार.

म्हणून रोलओव्हर: फोटोवर माउस नेला की मागची बाजू दिसते.

अर्धं काम फोटो काढतानाच होतं. मोबाइल स्टँडवर ठेवा, पदर त्याच जागी उलटा करा, उजेड तोच राहू द्या. दोन्ही फोटोंचं माप एकच हवं, नाहीतर माउस नेल्यावर चित्र उडी मारतं.

कोड सोपा आहे. १९९०च्या दशकात यासाठी जावास्क्रिप्ट लिहावी लागायची, आता सीएसएसच्या चार-पाच ओळी पुरतात. एका चौकटीत दोन्ही फोटो एकावर एक ठेवा. चौकटीला पोझिशन रिलेटिव्ह, वरच्या फोटोला ॲब्सोल्यूट. वरच्या फोटोची ओपॅसिटी ०, चौकटीवर होव्हर झाला की १. ट्रान्झिशन ०.३ सेकंद, याहून हळू केलंत तर बघणारा कंटाळतो. दोन फोटो म्हणजे दुप्पट वजन, तेव्हा दोन्ही वेबपी फॉरमॅटमध्ये हलके करून घ्या.

आता खरी अडचण: व्हॉट्सॲपवरची लिंक उघडणाऱ्याच्या हातात माउस नसतोच! त्यामुळे फोटोखाली ‘मागची बाजू बघा’ असं बटण द्या. बटण दाबलं की चौकटीला एक क्लास लागेल आणि तीच ओपॅसिटी बदलेल, एवढी जावास्क्रिप्ट पुरे. होव्हरचा नियम ‘होव्हर’ मीडिया क्वेरीत टाका, म्हणजे फोनवर चित्र उलटं अडकून राहणार नाही. आणि किंमत कधीच होव्हरमागे लपवू नका.

मागचा फोटो त्याच साडीचा हवा, दुसरीचा चालणार नाही.

हिमरू शाल विकत असाल तर थोडं जपून. तिच्या मागे धागे मोकळे असतात, ती विणच तशी आहे. तिथे रोलओव्हर दिलात तर फोटोखाली ही एक ओळ लिहाच, नाहीतर पैठणीचं वाचून आलेलं गिऱ्हाईक तुमच्या अस्सल हिमरूलाच नकली म्हणेल.