केडगावचे मुक्तिसदन

मुलांनो, सोलापूरहून पुण्यास जाणाऱ्या आगगाडीत बसले म्हणजे कुर्डुवाडी येते, पुढे भीमाकाठचे दौंड येते आणि मग थोड्याच वेळात केडगाव हे लहानसे स्थानक लागते. येथील उघड्या माळावर पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन वसविले.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले व मातेने ती विद्या रमाबाईंना दिली. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि १८७४ साली हे दोघेही कालवश झाले. आईची तिरडी उचलण्यास चार माणसे मिळेनात! दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी, म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. तेथे फुलहॅम या ठिकाणी ख्रिस्ती भगिनींचे एक घर त्यांनी पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने जवळ केले जात असे. अशा स्त्रियांना शासन करावे, एवढेच रमाबाईंनी आजवर ऐकले होते. या भगिनी असे का वागतात, हे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू ख्रिस्त व शमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविली. यहुदी लोक शमरोनी लोकांशी व्यवहार ठेवीत नसत. तरीही येशूने विहिरीवर आलेल्या त्या स्त्रीजवळ पिण्यास पाणी मागितले. पाणवठ्यावरील शिवाशिव आपल्या देशास नवी नव्हती. रमाबाईंना या कथेतील मर्म तत्काळ उमगले. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास आणले. तेथील विधवा मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेस काही मुली बसू लागल्या व १८९३ साली मोठा गवगवा झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी संस्थेशी संबंध सोडला. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. त्यांची धास्ती अगदीच निष्कारण होती, असे म्हणता येत नाही. पण रमाबाईंनीही कोणास मनाई करण्याचे नाकारले.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग चालू होता, म्हणून त्यांना केडगावच्या जमिनीवर ठेवले. आधी तंबू, मग विहिरी, मग इमारती! १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. येथे कोणाची जात पाहिली जात नसे. मुली शेती करीत, माग चालवीत, तेल गाळीत. अंध मुलींना बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकवीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले, त्याचे खिळेही येथील मुलींनीच जुळविले.

आणि याच आवारात रमाबाईंनी आणखी एक घर बांधले. ज्यांना कोणीही दारात उभे करीत नसे, अशा स्त्रियांसाठी ते होते. त्याचे नाव त्यांनी कृपासदन असे ठेविले.