मिटवायचे पैसे घेऊ नका

दसरा झाला की पाथर्डी तालुक्यातून ट्रक, ट्रॅक्टर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे कुणाला थांबता येत नाही. लेकरं मागे राहतात, कुणी आजीपाशी, कुणी वसतिगृहात. माझा भाऊ-भावजय ऊसतोडीला गेले तेव्हा माझा भाचा जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात होता. तिथल्या एका कर्मचाऱ्याने त्याच्यावर लैंगिक अत्याचार केले, आणि ते एकदाच घडलं नाही. याहून जास्त मी लिहिणार नाही. पोराची ओळख पटेल असं काही छापणं हा गुन्हा आहे, आणि तसा कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. मला लिहायचं आहे ते पैशाबद्दल. लोक त्याबद्दल बोलायला लाजतात आणि त्या लाजेचा फायदा भलतेच घेतात.

फिर्याद झाली आणि घरी माणसं यायला लागली. काही संस्थेच्या बाजूची, काही आमच्याच भावकीतली. ‘पोरगा आहे, पोरीसारखं थोडंच आहे’, ‘उद्या त्याच्याच लग्नाला आडवं येईल’, ‘मिटवून टाका’. कागद तयार होता. त्यावरचा आकडा भावाच्या उचलीएवढाच होता. कर्जात बुडालेल्या बापाला नाही म्हणणं किती अवघड जावं, याचा त्यांनी नीट हिशोब केला होता.

मी अंगणवाडी सेविका आहे, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. त्यात लिहिलं होतं की तक्रार गैरसमजातून दिली. म्हणजे बापानेच लेकराला खोटं ठरवायचं, आणि पुढे साक्षीच्या वेळी तोच कागद पोरापुढे धरला जायचा. आम्ही सही केली नाही. तुमच्याकडे असा कागद आला तर त्याचा फोटो काढून तपास अधिकाऱ्याकडे द्या. पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचा, गुन्हा आपसात मिटत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकावरचा असाच गुन्हा तडजोडीच्या आधारावर उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी तो निर्णय फिरवला आणि खटला पुढे चालवायला सांगितलं.

मुलाच्या हक्काचा पैसा वेगळा. तो सरकारकडून येतो, त्यासाठी कुणाला माफ करावं लागत नाही आणि कुणापुढे गप्प बसावं लागत नाही. एका कचेरीत आम्हाला सांगितलं, ‘आधी निकाल लागू द्या, मग या.’ हे धादांत चूक आहे. पॉक्सो नियम 2020 मधला नियम 9 वाचा. गुन्हा नोंदल्यानंतर केव्हाही विशेष न्यायालय अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकतं, तुमच्या अर्जावर किंवा स्वतःहून. आरोपी सुटला, सापडलाच नाही, तरीही मुलाचं नुकसान झालं असेल तर भरपाई देता येते. आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत सरकारने पैसे द्यायचे असतात.

निकालाची वाट पाहणं म्हणजे काय, ते मुंबईतल्या ‘अँकरेज’ आश्रयगृहांच्या प्रकरणात दिसतं. रस्त्यावरच्या मुलांना आसरा देणाऱ्या डंकन ग्रँट आणि अ‍ॅलन वॉटर्स या दोन ब्रिटिशांना सत्र न्यायालयाने 2006 मध्ये दोषी ठरवलं, उच्च न्यायालयाने 2008 मध्ये सोडलं आणि सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. तक्रार झाली तेव्हाची पोरं तोवर बापई झाली होती. उपचार, शाळा, झोप यांची गरज लहानपणीच असते.

महाराष्ट्रात याशिवाय मनोधैर्य योजना आहे, 2 ऑक्टोबर 2013 पासूनची. डिसेंबर 2017 मध्ये तिची कमाल मर्यादा 10 लाखांवर नेली. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे नगरला जिल्हा न्यायालयात. तिथवर जाणं जमत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, 15100 वर फोनही लागतो, आणि वकील फुकट मिळतो. योजना मुलग्यांनाही लागू आहे, हे मला दोन-तीन ठिकाणी ठासून सांगावं लागलं.

आता कागदांचं सांगते, कारण आकडा त्यांवरच ठरतो. न्यायालय काय पाहतं? अत्याचार एकदा झाला की अनेकदा. करणारा मुलाच्या विश्वासातला होता का. उपचारांना किती खर्च आला, त्यात मनाचे उपचारही आले. आणि शाळा किती बुडाली. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. तपासासाठी, साक्षीसाठी, भीतीने मूल वर्गात गेलं नाही, तो प्रत्येक दिवस नुकसानीत धरायचा असतो. म्हणून हजेरीचा उतारा मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. सिव्हिलचे केसपेपर, समुपदेशकाची चिठ्ठी, औषधांची बिलं, एसटीची तिकिटं एका पिशवीत ठेवा. आईबापाचे कामाचे खाडे लिहून काढा. हंगाम अर्धा सोडून परत यावं लागलं तर तेही अर्जात आलं पाहिजे. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समितीकडून मुलासाठी सहाय्यक व्यक्ती मागा. हे माणूस कोर्टात मुलाजवळ थांबतं, तारखा कळवतं आणि भरपाईच्या अर्जाचा पाठपुरावाही करतं. आमच्या अर्जाला गती आली ती अशा एका बाईंमुळे.

रक्कम मंजूर झाली तरी सगळी हातात येत नाही. मोठा भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत राहतो. भावाला याचा राग आला होता. मला मात्र ते बरं वाटतं. ती ठेव उचल फेडायला वापरता येत नाही.

एक गोष्ट अजून खुपते. आयर्लंडने 2002 मध्ये संस्थांमध्ये वाढलेल्या मुलांसाठी भरपाई मंडळ कायद्याने उभं केलं. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2018 पासून अशी योजना आहे, आणि तिथे ज्या संस्थेत अत्याचार झाला तिलाच पैसे भरावे लागतात, दीड लाख डॉलरपर्यंत. आपल्याकडे मनोधैर्यचा पैसा सरकारी तिजोरीतून जातो आणि संस्थेचं अनुदान बऱ्याचदा चालूच राहतं. संस्थेच्या खात्याला हात लागल्याशिवाय रात्रीचा पहारेकरी कोण, तो कुठे झोपतो, हे विश्वस्त विचारणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

आणि जे आता मोठे झाले आहेत, लहानपणी वसतिगृहात सोसून गप्प राहिले आहेत, त्यांच्यासाठी. अठरा वर्षं उलटली म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. केंद्रीय कायदा मंत्रालयाने 2018 मध्येच स्पष्ट केलं की पॉक्सोच्या तक्रारीला मुदतीची अट नाही. घटना 14 नोव्हेंबर 2012 च्या आधीची असेल तर पॉक्सो लागत नाही, तेव्हाची भारतीय दंड संहिता लागते. त्यातल्या गंभीर गुन्ह्यांनाही मुदत नाही, पण अशा जुन्या प्रकरणात भरपाई कोणत्या योजनेतून मागायची ते वकिलाला आधी विचारा. जाताना वसतिगृहाचा दाखला, जुने फोटो, त्या वर्षी तुमच्या खोलीत राहणाऱ्या मुलांची नावं सोबत न्या.